सरांची कोरी रेघ

आमच्या गावात भर दुपारी लाईट गेली की दोन आवाज उठायचे. पहिला, अख्ख्या गावानं एका सुरात लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याचा. दुसरा माझ्या गिरणीशेजारच्या अंगणातून यायचा. तिथं बनियन-पायजम्यातला एक साठीचा माणूस घरातून पळत बाहेर येऊन, दोन्ही हात आभाळाकडं करून ओरडायचा, "गेली! गेली रे! आता कुणी काही हलवू नका!"

बाहेरगावचा पाहुणा दचकून विचारायचा, "कोण गेलं हो?"

"लाईट."

"मग ह्यांना येवढा आनंद कशाचा?"

ह्याचं उत्तर मला पंचवीस वर्षं सापडलं नाही. सापडलं त्या दिवशी मी जमिनीच्या पोटात दहा हात खाली जाऊन, मेलेला परत वर आलो होतो. दहा नसतील, आठ असतील. पण पडणाऱ्यानं टेप लावायचा नसतो.

सरांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. मूळचे ते इकडचे नव्हेत. बदली होऊन येरमाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावी आले आणि रिटायर झाल्यावरही इथंच राहिले. शेत नाही, घर नाही, पोरंबाळं नाहीत. माझ्या गिरणीला खेटून दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. त्यात ते, काकू आणि ते यंत्र. तिघांत मान कुणाला, हे काकूंना विचारा. त्या म्हणायच्या, "मला ताप आला तर म्हणतात, पडून राहा. त्या डब्याला गारठा लागला तर स्वतःची शाल घालतात."

यंत्र म्हणजे काय, ते सरांनी मला इतक्या वेळा सांगितलं की झोपेतसुद्धा सांगीन. लोखंडी डब्यात एक स्प्रिंग. स्प्रिंगला फुटक्या लाऊडस्पीकरातलं लोहचुंबक टांगलेलं. भोवती मोटार भरणाऱ्याकडून आणलेल्या, केसाहून बारीक तारेचं वेटोळं. हा डबा अंगणात दोन हात खोल पुरलेला. जमीन जराशी हलली की वेटोळं तिच्याबरोबर हलतं, चुंबक आळशासारखं मागं राहतं, आणि तारेत वीज येते.

"किती वीज, सर?"

"मुंगीला शिंक आली तर वारा येईल ना, तेवढी."

ती शिंक दहा हजार पट मोठी करायला सरांनी स्वतःच्या हातानं ॲम्प्लिफायर बनवला होता. त्याच्या जोरावर एक बॉलपेनची रिफील डाव्या-उजव्या बाजूला हलायची. रिफिलीखाली डालड्याचा जुना डबा घड्याळाच्या मोटारीवर हळूहळू फिरायचा. डब्याला कागद गुंडाळलेला. जमीन गप्प असली की कागदावर सरळ रेघ. जमीन हलली की रेघेला दात.

पण गोची अशी, की मुंगीची शिंक दहा हजार पट केली की शेजारच्या म्हशीचं शेपूटही दहा हजार पट होतं. घरातली ट्यूब, मोबाइलचा चार्जर, वाऱ्यानं हललेली तार, सगळं रेघेवर येऊन नाचतं. सर म्हणायचे, "मोठं करायला काय, गाढवही मोठ्यानं ओरडतं. कचरा काढणं हे शिक्षण."

आणि मग कचरा काढायचं जे वेड ह्या माणसानं घेतलं, ते बघून आमची बोटं तोंडात गेली ती बाहेर आली नाहीत.

आधी त्यांनी ॲम्प्लिफायर घरातल्या लाईटवरून काढून मोटारसायकलच्या बॅटरीवर घेतला. गाडी पुढं वर्षभर ढकलून चालू केली. मग तो गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडला, म्हणजे हवेतून येणारी वीज पत्र्यावरच अडावी. मग साधी वायर टाकून डिशची जाड केबल आणली. ती वाऱ्यानं हलली तरी रेघेला दात यायचे, म्हणून हाता-हातावर पोत्याच्या चिंध्यांनी बांधून जमिनीला जखडली. सर्कसमधल्या वाघाला इतकं बांधत नाहीत. काकूंच्या खलबत्त्याखाली टायरचा तुकडा आला. काकूंच्या पायात, उन्हाळ्यातसुद्धा, लोकरीचे मोजे आले. एक दिवस शेजारची शेळी केबलवरून चालत गेली, तर सरांनी तिच्या मालकाला रीतसर अर्ज लिहिला. वर 'विषय', खाली 'आपला विश्वासू'. मालक अर्ज घेऊन गिरणीत आला. म्हणाला, "वाचून दाखव गा. काय दिलंय मास्तरनं? शेळीची शाळेत नोंद करायची हाय का?"

सगळ्यात मोठा चमत्कार झाला तो तांब्याच्या गजाचा. यंत्राला अर्थिंग चांगलं पाहिजे, म्हणून सरांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, त्यात मीठ आणि कोळसा भरला आणि मधोमध तांब्याचा गज रोवला. तिथली माती ओली राहावी म्हणून रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या पंचानं, ते गजाला तांब्याभर पाणी घालायचे. आठ दिवस लोकांनी बघितलं. नवव्या दिवशी गजाला हळद-कुंकू लागलेलं. बाराव्या दिवशी नारळ. पंधराव्या दिवशी गल्लीतली एक आजी सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, ह्या देवाचा वार कंचा?"

आता सर विज्ञानाचे. आम्ही कान टवकारले. म्हटलं, आज अंधश्रद्धेवर दोन तासांचं व्याख्यान होणार. सर गंभीरपणे गजाकडं बघून म्हणाले, "हळदीला हरकत नाही, आजी. पाणी घाला, मीठ टाका, चांगलंच आहे. फक्त स्टीलचा तांब्या गजाला टेकवू नका. रेघ बिघडते."

आजीनं कपाळाला हात लावला. "कडक दिसतंय द्यौ," म्हणाली. पुढं सहा महिने गावातल्या बायकांनी सरांच्या अर्थिंगला मीठ-पाणी घातलं, आणि तेवढं नामी अर्थिंग जिल्ह्यात कुठल्या सबस्टेशनलाही नसेल.

माझं आणि सरांचं वैर मात्र रोजचं. पिठाची, मिरचीची, शेवयांची, अशा माझ्या तीन चक्क्या. दहा हॉर्सपॉवरची मोटार सुरू झाली की, मी सांगतो, बार्शीपर्यंत ताटं वाजायची. सर दारात येऊन उभे.

"अरे, तुझ्या मोटारीचे ठोके माझ्या रेघेवर बसलेत."

"बसू द्या की सर. उभं कुठवर ऱ्हातील?"

"पाच मिनिटं बंद कर."

"गिऱ्हाईक काय दाणे चावत बसतील व्हय?"

मग ते गिऱ्हाइकांकडं वळून हात जोडायचे. साठीचा मास्तर हात जोडतो म्हटल्यावर बायका माझ्याकडंच डोळे वटारायच्या. मोटारीखाली काथ्याचं जाड पायपुसणं घालायला त्यांनीच लावलं, पट्टा सरळ करून दिला, अर्थिंग नवं करून दिलं. त्यानं गिरणी लोण्यासारखी चालायला लागली, पण हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही. ते बाहेर पडले की मी त्यांची नक्कल करायचो आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांच्याजवळ एक वही असायची. रेघेला दात आला की शेजारी वेळ आणि त्या दाताचं कूळ. गिरणीचा 'गि', शेळीचा 'शे', ट्रॅक्टरचा 'ट्रॅ'. दात कुणाचा ते कळेपर्यंत जेवायचे नाहीत. एकदा रेघेवर दर सेकंदाला एक, दर सेकंदाला एक, असा बारीक ठोका यायला लागला. सर आठ दिवस वेड्यासारखे. बॅटरी बदलली, आयसी बदलला, सगळ्या तारांना पीळ घातला. ठोका हटेना. नवव्या दिवशी जुना रेडिओ उजव्या कानाला लावून, तो टकटक वाजेल त्या दिशेनं चालत चालत निघाले ते दोन किलोमीटरवर माझ्याच तुरीत येऊन उभे राहिले. रानडुकरांसाठी मी कुंपणाला झटका मशीन लावलं होतं; ते दर सेकंदाला तारेत एक झटका सोडतं. सर घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर असं समाधान की पोरीचं लग्न ठरावं.

"तूच," म्हणाले. "मला वाटलंच होतं तूच असशील."

मशीनचं अर्थिंग त्यांनी नीट करून दिलं, तरी अधूनमधून तो ठोका यायचा. पण आता सरांना काळजी नव्हती. कूळ कळलं होतं. असा ठोका आला की वहीत 'झ' लिहायचे आणि पुढं जायचे.

एवढं करून ऐकायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे भूकंप कधी होणार ते बघतात. कुणी म्हणे गुप्तधन. मी विचारलं तर एकच उत्तर, "मला कोरी रेघ पाहिजे. अगदी कोरी. मग बघू." आणि गंमत म्हणजे स्वतःचे कान मंद. डाव्या कानानं काहीच नाही, उजव्यानं तोंड जवळ नेऊन बोललं तर. कानाचं मशीन आणून दिलं तर आठ दिवसांत काढून ठेवलं. "ह्यात माणसापेक्षा कचराच जास्त येतो," म्हणाले.

आता येळवस. वेळ अमावस्या म्हणतात ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या दिवशी आमच्या भागात गावात माणूस राहत नाही. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, करायची, लक्ष्मीची पूजा करायची, आंबील प्यायची, सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आणि दिवस मावळेस्तोवर रानात लोळायचं. शेत नसेल त्याला शेतवाला घेऊन जातो. दुकानं बंद, गिरण्या बंद, मोटारी बंद. कुत्रीसुद्धा उंड्यांच्या वासानं मागोमाग जातात. गाव असं ओस पडतं की वाटावं, पटकी येऊन गेली.

सरांचा सण तोच. काकूंना आमच्या कोपीवर पाठवून द्यायचे आणि स्वतः त्या मोकळ्या गावात यंत्रापुढं बसायचे. वर्षातला सगळ्यात गप्प दिवस.

त्या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी माझ्या गिरणीत बाजरी दळायला अशी झुंबड की मुंगीला शिरायला जागा नाही. आणि नेमके तेव्हा सर आले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाच मिनिटं." बायकांनी त्यांचं ऐकलं. माझा हात बाजूला सारून एका आजीनं स्वतः खटका खाली ओढला आणि म्हणाली, "मास्तर म्हणतो तर गप बस की मुडद्या!" सगळी गिरणी हसली.

मला ते लागलं. मी मनात म्हटलं, थांबा. उद्या तुमचा सण ना? उद्या बरोबर बारा वाजता, त्या ओस गावात, मी येऊन दहा हॉर्सपॉवर सुरू करतो. पाचच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी कोपीवर पूजा झाली. बायकोला म्हटलं, "तंबाखूची पुडी ऱ्हायली घरी. आलोच."

"पुडी खिशात दिसतीय की."

"ती रिकामी हाय," म्हटलं आणि निघालो. मोबाइल कोपीतच, पोरं त्यावर गाणी बघत होती.

रस्त्यानं गेलो तर सर अंगणातून बघतील, म्हणून मागून गेलो. सरांच्या घरामागं पुण्याला गेलेल्या एकांचं पडकं आवार आहे. तिथून गिरणीचं शटर समोरच दिसतं, वीस पावलांवर. मी मांजरासारखा, म्हणजे पंच्याण्णव किलोच्या मांजरासारखा, गवतातून निघालो. सहावं पाऊल टाकलं आणि पाय जमिनीवर टेकलाच नाही.

खाली पेव होतं.

पेव म्हणजे ज्वारी साठवायची जुनी जमिनीखालची कोठी. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आणि पोट रांजणासारखं फुगीर. पूर्वी घरोघरी असायची. आमच्या आजोबांच्या वेळी पेव उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचे. दिवा विझला तर माणूस उतरत नसे, कारण आत वाईट हवा साचते. त्या पेवाचं तोंड कुणीतरी लाकडं टाकून, माती ओढून बुजवलं होतं. लाकडं कुजली होती. वर गवत.

मी, लाकडं आणि ट्रॉलीभर माती एकदमच खाली पोचलो.

शुद्ध होती. पाय मुरगळला होता. वर ताटाएवढं आभाळ. भिंती चहूकडून आत झुकलेल्या. चढायचं म्हणजे माठाच्या आतून पालीनं चढण्यासारखं. मी ओरडलो. एवढा ओरडलो की ईट गावच्या बाजारात लोकांनी मागं वळून बघितलं असेल. पण आमच्या गावात बघायला होतं कोण? एकच माणूस, चाळीस पावलांवर, आणि तो बहिरा.

तेव्हा मी हबकलो.  संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही. तंबाखूला म्हणून गेलेला माणूस कुठंतरी झोपला असेल म्हणतील. आणि खालची हवा जड होती. कुजक्या दाण्यांचा वास नाकात बसला होता, डोकं ठणकायला लागलं होतं.

मग एकदम डोक्यात लखलखलं. डबा! सर बहिरे असतील, पण त्यांचा पुरलेला डबा बहिरा नाही. मुंगीची शिंक ऐकतो तो मला ऐकणार नाही? मी मातीतून एक काळा दगड उपसला आणि पेवाच्या भिंतीला मारला. ठक. ठक. ठक. ऐका सर. ठक. ठक. आता येतील. आता डोकं दिसेल. ठक. ठक.

किती वेळ ते सांगता येत नाही. एका लयीत मारलं की दम कमी लागतो, हे दळणाच्या धंद्यात कळतं. तसं मारत राहिलो. बोटं सोलली. दगड रक्तानं बुळबुळीत झाला तर शर्ट गुंडाळून धरला. आभाळातलं ऊन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं. मी लग्नापासूनच्या सगळ्या चुका कबूल केल्या, मिरचीत मारलेलं माप कबूल केलं, तरी वर कुणाचं डोकं दिसेना. सर मेले की काय, असंही वाटून गेलं. हात खांद्यापासून निसटायला लागला. एक ठोका मारायचा, श्वास घ्यायचा, मग दुसरा. मग दोन श्वास. डोळ्यांपुढं काजवे. एक ठोका मारला आणि दगड सुटला. चाचपून परत धरला, मारला, आणि भिंतीला टेकून बसलो. पुढचा काही मारला नाही.

तेवढ्यात वर, आधी लांब, मग जवळ, कुणीतरी गवत तुडवत पळत असल्यासारखं वाटलं. ताटाएवढ्या आभाळात सरांचं डोकं आलं. चष्मा वाकडा, तोंड उघडं, चेहरा चुन्यासारखा पांढरा. मी उभ्या आयुष्यात माणसाचा असा चेहरा बघितला नाही.

"कोण आहे?" ते किंचाळले. "कोण आहे रे आत?"

"मीच," म्हटलं. "गि."

देवळातली शिडी त्यांनी एकट्यानं ओढत आणली. शिडी तीन हात कमी पडली. तेव्हा ह्या माणसानं अंगणात जाऊन आपली जखडलेली केबल, चिंध्यांसकट, खस्सकन उपटून आणली. कडुलिंबाच्या बुंध्याला तीन वेढे दिले, दुहेरी करून खाली सोडली. पंच्याण्णव किलो वर आले. केबलचं आतलं तांबं बाहेर आलं होतं.

मी गवतात उताणा पडलो आणि नुसती हवा खाल्ली. सरांनी घरातून पाण्याचा तांब्या आणला होता, तो बाजूला ठेवला आणि ते पेवाच्या काठावर बसले. वही त्यांच्या हातातच होती. मी कुशीवर होऊन बघितलं. त्या दिवसाचं पान. बारा वाजून दहा मिनिटं: झ. सव्वाबारा: झ. साडेबारा: झ, बॅटरी बदलली. एक: झ. सव्वा: झ, गजाला पाणी घातलं. दोन: झ. अडीच: झ, डब्याभोवती पत्रा वाढवला. पान भरून झ. तीन तास हा माणूस चाळीस पावलांवर बसून, एकेक तार पिळून, मला रेघेवरून काढत होता.

 काही तरी कडक बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण सरच बोलले.

"शेवटी शेवटी ठोका उशिरा यायला लागला," ते म्हणाले. "एक सेकंद, मग दीड, मग तीन. मी घड्याळ लावून बघितलं. मशीन दमत नसतं रे."

"न्हाय सर."

"दमतो तो माणूस."

 मग सर पेवात बघतच, वर्गात सांगायचे त्याच आवाजात, सांगायला लागले. भूकंप झाला तेव्हा ते उमरग्याच्या बाजूला एका शाळेवर नवे होते. ते आणि दुसरा एक मास्तर, एका खोलीत. सर वाचले. दुसरा ढिगाखाली गेला. सकाळी ढिगाखालून ठोके येत होते. दगडावर दगड.

"वर ट्रक आले होते, जीपा आल्या होत्या. रडारड. कोण कुणाला हाका मारतंय. मी सगळ्यांना म्हणत होतो, गप्प बसा, दोन मिनिटं गप्प बसा, कुठून येतंय ते कळू द्या. कोण गप्प बसणार? आम्ही चुकीच्या बाजूनं खणलं. दहाच्या सुमाराला ठोके थांबले."

मी उठून बसलो. 

"तेव्हापासून मी एकच म्हणत आलो," सर म्हणाले. "गोंगाट होता. गोंगाट नसता तर मला कळलं असतं. तुझ्या काकूला म्हटलं, स्वतःला म्हटलं. तीस वर्षं."

त्यांनी मान वर करून गावाकडं बघितलं. एकही चूल पेटलेली नव्हती, एकही मोटार चालू नव्हती.

"आज गोंगाट नव्हता," म्हणाले.

 वही गवतात पडली तरी त्यांना कळलं नाही. पेवाच्या इतक्या काठावर बसले होते की मला मघाच्यापेक्षा जास्त भीती वाटली. मी तसाच सरकत गेलो, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि माझे दोन्ही हात माझ्याच पाठीमागं धरले.

"सर, तुमची गफलत व्हायलीय," म्हटलं. "मी बाराला न्हाय पडलो. तीनला पडलो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"खरं सांगतो. बारापासून मी गिरणीत व्हतो. तुमची रेघ नासवायची म्हणून जोत्यावर हातोडा मारत बसलो व्हतो, झटक्याच्या ठेक्यात. काल बायकांनी हसं केलं न्हाय का माझं, त्याचा राग. मग कटाळा आला, मागनं कोपीकडं निघालो, अन् पडलो. दहा-पंधरा ठोके मारले असतील इथनं. तेवढ्यात तुमी आलाच की."

"तीनला."

"पाच मिन्टं कमी असतील. जास्त न्हाईत."

सर बघत राहिले. मग त्यांनी नजर फिरवली, वीस पावलांवरच्या गिरणीकडं. शटर खाली होतं. शटरला बाहेरून कुलूप होतं, येळवशीला म्हणून बायकोनं कुलपाला लावलेलं झेंडूचं फूल तसंच्या तसं होतं. आम्ही दोघांनीही ते बघितलं.

लांब रानात कुणीतरी हाळी दिली. परतीचे पहिले ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मला आला, सरांना आला नसणार.

सरांनी बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला.

"हात पुढं कर," म्हणाले.

मी केले नाहीत. त्यांनीच माझ्या पाठीमागं हात घालून माझे दोन्ही हात पुढं ओढले. रक्त कधीच वाळून काळं पडलं होतं, बोटांत माती गच्च बसली होती. त्यांनी तांब्या तिरपा केला आणि बारीक धार धरून एकेक बोट धुवायला लागले. पाणी घालताना त्यांनी वर बघितलं नाही, आणि मीही झोंबतंय म्हणालो नाही.